सासऱ्यांच्या विज्ञानकथासंग्रहावर मी केलेलं भाषण

माझ्या भाषणाला लोक पोट धरधरून हसले, असं आयुष्यात एकदाच घडलं. भाषण गंभीर होतं.

माझे सासरे अकोल्याचे. विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि गावोगाव फिरून लोकांकडून विज्ञानकथा, अद्भुतकथा लिहून घेऊ लागले. एक एसटीचे कंडक्टर, एक नर्स, आणि झेंडू पिकवणाऱ्या कमलाबाई. बाईंनी साठीनंतर पहिल्यांदाच गोष्ट लिहिली होती. तीन वर्षं खपून संग्रह छापून झाला आणि बांधलेली पहिली प्रत सासऱ्यांनी अमरावतीला माझ्याकडे धाडली. (मी बँकेत आहे. पण लग्न जमताना 'मुलाला वाचनाची फार आवड' असं सांगितलं गेलं होतं. सांगणारा मीच!)

"जावईबापू, पानन् पान पाहून घ्या. तुमी हो म्हटलं का बाकीच्या प्रती बांधाले सांगतो."

मी पुस्तक फ्रिजवर ठेवलं. आठ दिवसांनी फोन.

"वाचलं का जी?"

"वाचलं म्हणजे काय, दोनदा वाचलं!"

"काई चूक?"

"एकही नाही!"

झालं! सगळ्या प्रती तशाच बांधल्या गेल्या. वर प्रकाशनाच्या दिवशी बोलायचा मानही मलाच.

अकोल्याच्या बसमध्ये, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, मी ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं. नेमकं पान पासष्ट. 'वरून सारं निरोगी दिसतं. अळी मात्र आत शिरून पोखरत असते. लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. ग्रस्त दिसताच तोडावं आणि खोल पुरावं.' अंगावर काटा आला! परग्रहावरची अळी! तोडलेली माणसं! भाषण तयार झालं, मी पुस्तक मिटलं.

सभागृह भरलेलं होतं. कमलाबाईंसाठी तर त्यांच्या गावचे भाजीवाले, फूलवाले टेम्पो करून आले होते. मी ते पान भरल्या आवाजात वाचलं आणि म्हणालो, "मित्रहो, ही अळी म्हणजे आपल्या मनातला लोभ! अशी भेदक कथा मराठीत झाली नाही!"

मागच्या रांगेतून एक फेटेवाले काका उठले. "साहेब, हे तं वांग्यातली अळी होय ना जी!"

सभागृह फुटलं! मी हात वर करून म्हणालो, "अशा अनेक अर्थच्छटा आहेत." (आणखी हशा.) काका म्हणाले, "छटा कायच्या? खाली फवारनीचं लिवलं हाये!"

मग सगळ्यांनी पुस्तकं उघडली. बांधणीत सोळा पानांचा एक फर्मा बदलला होता. त्याच छापखान्यात छापलेल्या भाजीपाल्याच्या पुस्तिकेतली पानं आमच्यात घुसली होती आणि आमची सोळा पानं गायब होती.

"मास्तर, माही गोष्ट कुठी गेली?" कमलाबाईंनी विचारलं. त्या नवीन लुगडं नेसून आल्या होत्या.

हशा थांबला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "दोनदा वाचलं होतं ना जी तुमी?"

मला पायाखालचं व्यासपीठसुद्धा आपलं वाटेना. मी माइकवरच कबूल केलं, "एकदाही नाही वाचलं." पहिल्या रांगेतून बायको, सुनंदा, म्हणाली, "अन् मंग दोनदा वाचलं म्हून कायले सांगितलं?" तेही माइकमध्ये आलं.

कमलाबाई उठल्या. "राहू द्या. मले तोंडपाठ हाये." त्यांनी चंद्रावर झेंडू लावणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. तिथं फुलं कधी सुकतच नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा कोणी विकत घेत नाही. मग ती बाई फुलांना सुकायला शिकवते. मला हसलेली सगळी माणसं चिडीचूप बसून ऐकत होती. मीही ऐकत होतो, खाली मान घालून.

छापखान्यानं चूक मानली आणि प्रती नव्यानं बांधून दिल्या. पुढचे दोन रविवार मी अकोल्यात बसून एकेक प्रत तपासली. दुरुस्त पुस्तक घरी आलं, तेव्हा एका बैठकीत वाचून काढलं आणि कमलाबाईंना फोन लावला.

"बाई, तुमची गोष्ट वाचली. फार आवडली!"

"हो का? मंग त्यातल्या बाईच्या गाईचं नाव सांगा."

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली. पास झालो, पण गाईचं नाव मागून सुनंदानं सांगितलं!