विहीर, चूल आणि आतली कडी

हल्ली आमच्या घरात प्रवासाला निघायचं ठरलं की आधी हॉटेलावरून वाद होतात. मुलांना खेळायला जागा हवी, नळाला गरम पाणी हवं, चहा खोलीत यायला हवा. मी कोपऱ्यात बसून ऐकते आणि मधूनच विचारते, “विहीर कशी आहे?” सगळे हसतात. हसू देत बापडे. आमच्या लहानपणी सोलापुराहून बायकामुलांसकट मोटारीने इलाख्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं, म्हणजे अख्खं घर चाकांवर घालून न्यायचं होतं. आणि त्या घराला रोज कुठे ना कुठे चूल आणि विहीर लागे.

एकोणीसशे तीस साल नुकतंच उलटलं होतं. वडील वकील होते. गिरणीतल्या एका साहेबाने विलायतेला परत जाताना आपली जुनी उघडी मोटार विकायला काढली आणि वडिलांनी कुणालाही न विचारता ती घेतली. नवी पेठेत ती शिरली की दुकानदार गिऱ्हाईक तसंच सोडून पायरीवर येऊन उभे राहत. आईने मात्र तीन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. मग चौथ्या दिवशी संध्याकाळी जेवताना वडील म्हणाले, “ताईला समुद्र दाखवायचा, म्हणून घेतली,” आणि आईचा रुसवा तिथेच संपला.

ताई म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. अक्कलकोटच्या बाजूला दिलेली; विसाव्या वर्षाच्या आतच विधवेचं लाल आलवण नेसून माहेरी परत आली आणि आमच्याच घरात राहिली. तिचं सोवळं कडक होतं. स्वतः पाणी भरायचं, स्वतः रांधायचं, सोवळ्याची धाबळी नेसून चुलीपाशी बसली की आम्ही पोरं तिच्यापासून दोन हात लांब. त्यामुळे ती कुठे म्हणून जात नसे. “माझी अडचण कशाला,” हे तिचं ठरलेलं उत्तर. तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे एकरुखचा तलाव. एकदा मला भूगोलाचं पुस्तक वाचताना ऐकून तिने विचारलं होतं, “पलीकडचा काठ मुळीच दिसत नाही म्हणजे काय गं?” वडिलांनी ते ऐकलं असावं.

आता उतरायचं कुठे? डाकबंगला म्हणजे साहेबांची जागा. तिथल्या खानसाम्याच्या कोंबड्या अंगणात फिरतात हे ऐकूनच आत्याने कानांवर हात ठेवले. हॉटेल म्हणजे चहाचं. तिथे वडीलसुद्धा मागेपुढे पाहून शिरत. खाणावळीत पुरुषांच्या पंगती. उरल्या धर्मशाळा आणि ओळखीपाळखीची घरं. म्हणून वडिलांनी एक नियम केला. मोटार थांबली तरी सामान सोडायचं नाही आणि आत्याने खाली उतरायचं नाही. आधी वडील मालकाशी बोलणार. आई विहीर आणि चूल पाहणार. मी, वय वर्षं अकरा, दाराला आतून कडी आहे का आणि परसाकडची वाट आडोशाची आहे का ते पाहणार. तिघांपैकी एकाने जरी नकाराची मान हलवली तरी पुढे चालायचं. का आणि कशासाठी, कुणी विचारायचं नाही. कोर्टात उलटतपासणी करणाऱ्या माणसाने घरच्यांना एवढी मोकळीक द्यावी याचं मला अजून कौतुक वाटतं.

थंडीचे दिवस होते. मंगळवेढ्यावरून सांगोल्याकडे निघालो, तेव्हा दोन्ही बाजूंना शाळूची पिकं आणि मधूनमधून मेंढरांचे कळप. मोटारीचा आवाज ऐकून मेंढरं अशी उधळत की वडिलांना खाली उतरून धनगरांची माफी मागावी लागे. सांगोल्यातली पहिली जागा मी नापास केली. दाराला कडी होती, पण बाहेरून. मला कोण महत्त्व आल्यासारखं वाटलं! मग गावाबाहेर एका धनगराच्या वस्तीवर थांबलो. त्या घरची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “हितंच ऱ्हावा की. पानी लई ग्वाड हाय. चूल सारवून देते, मग तुमी जानं आन् तुमची चूल. आमी तिकडं फिरकत न्हाय.”

आईने विहीर पाहिली आणि मान डोलावली. त्या दिवशी एकादशी होती आणि आत्याची एकादशी नुसत्या पाण्यावरची. ती जेवणार नाही हे कळल्यावर त्या बाईने ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा आणून लांबूनच पायरीवर ठेवल्या. “कच्च्या हायती, इस्तवाला लागल्या न्हाईत. ह्या तरी चालतील न्हवं?” आत्याला हसू आलं. शेंगा तिने आम्हा भावंडांना दिल्या, पण त्या बाईला जवळ बोलावून किती तरी वेळ तिच्याशी बोलत बसली. ना ओळख ना देख, आणि आपली चूल आम्हाला देऊन ती बाई दोन दगड मांडून अंगणात भाकऱ्या भाजत होती. तिचे उपकार मी कधी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. सकाळी वेळेवर पारणं फेडायला हवं, म्हणून उजाडायच्या आत निघालो. मिरजेत वडिलांच्या ओळखीच्या एका वकिलांचं घर होतं. या घराबद्दल कुणालाच शंका नव्हती. सोवळंओवळं पाळणारी माणसं, स्वतंत्र चूल, दारात विहीर. नियम म्हणून तेवढी आई आत गेली आणि तिच्या मागे मी. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाची वाळू दिसावी इतकं स्वच्छ पाणी. घरात लगबग चालली होती; लेकीचं डोहाळजेवण होतं. घरच्या बाईंनी आमचं हसून स्वागत केलं, माझ्या गालाला हात लावला आणि मग आईला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “तुमच्या वन्संना तेवढं मागच्या पडवीत बसवा हं. बायका येऊन जाईपर्यंत पुढे यायला नको. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही समजून घ्याल.”

आई “हो” म्हणाली. आई सगळ्यांनाच हो म्हणायची. पण बाहेर येऊन मोटारीपाशी उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, “पाणी गढूळ आहे. सोवळ्याला चालायचं नाही.”

मी तोंड उघडणार होते. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. वडील चरफडले, यजमानांना कोल्हापूर गाठायचं आहे असं काहीबाही सांगितलं आणि मोटार पुढे काढली. नियम तो नियम.

आईला वाटलं होतं, सुटलो. पण गावाबाहेर पडतो न पडतो तोच आत्या म्हणाली, “अरे, मोटार परत फिरव. मला स्टेशनावर सोड. कुर्डुवाडीवरून मी बरोबर घरी जाईन.”

“का पण?” वडील म्हणाले.

“इतकं चांगलं घर माझ्या सोवळ्यापायी सोडलंत. पोरं सकाळपासून उपाशी. पुढे कोकणातल्या विहिरी तरी कुठे माझ्या मनासारख्या असणार? मी नसले की तुम्ही कुठेही उतराल. मला नाही पाहायचा समुद्र.”

ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने खरोखरच ठरवलं होतं. वडिलांनी खूप समजावलं आणि शेवटी हरून म्हणाले, “आधी पारणं कर. मग बघू.” आईचा चेहरा पांढरा पडला होता. खरं सांगावं तर आत्याच्या जिव्हारी लागणार, न सांगावं तर आत्या परत जाणार. मागच्या बाकावर दोघींच्या मध्ये मी बसले होते.

कोल्हापूरच्या रस्त्याला एका देवळाजवळ जैनांची लहानशी धर्मशाळा लागली. आई उतरून गेली, पण तिथे राखणीला असलेल्या म्हातारीला कानडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. आई हातवारे करून चूल विचारत होती आणि म्हातारी तिला देवळाची वाट दाखवत होती. आत्याने थोडा वेळ पाहिलं आणि अक्कलकोटच्या सासरी शिकलेल्या कानडीत मोटारीतूनच काहीतरी ओरडून सांगितलं. म्हातारीचं तोंड उजळलं. “बर्री अक्का, कूडरी,” म्हणजे या ताई, बसा, असं म्हणत ती थेट मोटारीपाशी आली आणि आमचा नियम बाजूला सारून आत्या चक्क खाली उतरली.

म्हातारीने पुढच्या ओसरीवर, सगळ्यांच्या आधी, आत्यासाठी चटई घातली. मग विहिरीवर नेलं. पाणी शेंदून दुहेरी फडक्यातून गाळलं आणि फडक्यात जे राहिलं ते पुन्हा अलगद विहिरीतच सोडलं, त्यातला जीव जिथला तिथे जावा म्हणून. आत्या डोळे विस्फारून पाहत राहिली. “बाई गं,” आम्हाला म्हणाली, “हिच्यापुढे माझं सोवळं म्हणजे पोरखेळच!” उपाशीपोटी तिला थट्टा सुचली, तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. वडील मात्र धर्मशाळेसमोरच्या दुकानात परतीच्या गाडीची चौकशी करायला गेले.

आत्याने आंघोळ केली, धाबळी नेसली, म्हातारीने दिलेल्या चुलीवर भात टाकला, वरण केलं. आम्हा मुलांना दाराशी वाढलं. मग स्वतःचं पान मांडलं. आई उंबऱ्याबाहेर गुडघ्यांत मान घालून बसली होती.

“तूही घे गं वाढून,” आत्या म्हणाली. “मी आता जातेच आहे, तुझी रोजची कटकट संपेल.”

आईने मान वर केली. “वन्सं,” ती म्हणाली, “तिथली विहीर चांगली होती.”

“मग?”

“तिथे डोहाळजेवण होतं.”

पुढे काही सांगावं लागलं नाही. अशा गोष्टी आत्याला तीस वर्षं कुणी ना कुणी सांगतच आलं होतं, तोंडाने नाहीतर नुसत्या नजरेने. तिला नवीन असेल तर एवढंच, की तिच्यासाठी कुणीतरी तयार पानावरून उठलं होतं. आणि ती आई होती, जी कधी कुणाला नाही म्हणाली नव्हती. त्या एका खोट्या बोलण्याबद्दल मी आईची जन्माची ऋणी आहे. माणसाने माणसाशी कसं वागावं हे मला पुढे ज्यांनी ज्यांनी शिकवलं, त्या सगळ्यांच्या आधी तिने शिकवलं.

आई रडायला लागली. आत्या पानावरून उठली, उंबरा ओलांडून आली आणि तिने आईला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. मी घास हातात धरून बघतच राहिले. सोवळ्यात असताना आत्याने आम्हा पोरांना, ताप आला तरी, हात लावलेला मी पाहिला नव्हता.

“वन्सं, सोवळं!” आई घाबरून मागे सरकली. “पुन्हा आंघोळ करावी लागेल. पुन्हा सगळा स्वयंपाक…”

“राहू दे,” आत्या म्हणाली. “मला भूक लागली आहे.”

हे शब्द तिच्या तोंडून घरात कुणी कधीच ऐकले नव्हते. वडील गाडीची वेळ विचारून आले तेव्हा दोघी शेजारी शेजारी पानावर बसून जेवत होत्या. ते दारातच थबकले. “संध्याकाळची गाडी आहे,” म्हणाले.

“असेना का,” आत्या म्हणाली. “हात धुऊन ये, भात निवतोय. आणि पुढच्या मुक्कामाला विहीर बघायला मी उतरणार आहे.”