मास्तरांच्या फिल्टरमधले लाल बाण

मास्तरांनी एकतीस वर्षं तंत्रशाळेत इंजिन शिकवलं आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या बाहीला तेलाचा एक डाग लागला नाही. याचा त्यांना कोण अभिमान! वर्गाच्या कोपऱ्यात निळा रंग दिलेलं एक इंजिन होतं खरं, पण त्याला हात लावायचा तर तीन सह्या लागत. मास्तर म्हणत, "हात कशाला लावायला हवा? आकृती आहे ना!"

आणि आकृती तरी काय काढत! ऑइल फिल्टर काढायला घेतला की शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहत. मधोमध पिवळी नळी, तिच्याभोवती घड्यांचा पांढरा कागद, बाहेरून निळा डबा, आणि तेलाची वाट दाखवणारे लाल बाण. तेल मधल्या नळीतून आत शिरणार, कागदातून गाळलं जाऊन कडेने बाहेर पडणार. बाण उलटे काढले की दोन गुण कापलेच म्हणून समजा.

घरची गाडी मात्र बायको चालवायची. ती इस्पितळात नर्स. ब्रेकचा सिद्धांत समजावून सांगता सांगता मास्तरांनी एकदा घराचं फाटक आडवं केलं होतं. तेव्हापासून किल्ली तिच्या पर्समध्ये गेली, ती गेलीच.

निवृत्तीनंतर एकदा मास्तर तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. मेकॅनिक गाडीखाली आडवा पडलेला, नुसते पाय दिसत होते. मास्तरांनी पायांनाच विचारलं, "फिल्टरमध्ये तेलाचा प्रवाह कसा असतो, सांगता येईल?"

"नाही बुवा," गाडीखालून उत्तर आलं. "जुना काढायचा, नवा लावायचा."

"पण का बदलायचा, ते तरी?"

"घाण होतो म्हणून."

मास्तरांचा पारा चढला. घरी येईपर्यंत ते एकच वाक्य घोळवत होते, "अशा माणसाच्या हाती इंजिन! पुढच्या वेळी मी स्वतः बदलणार."

"बदला," बायको म्हणाली. "फक्त माझी ड्यूटी दोनला असते, एवढं ध्यानात ठेवा."

तो दिवस उजाडला. मास्तरांनी सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीची पुढची चाकं उतरत्या ठोकळ्यांवर चढवायचं काम बायकोनं केलं. मागच्या चाकांना मास्तरांनी विटा लावल्या, खालचा नट सोडून जुनं तेल टबात काढलं आणि नट पुन्हा घट्ट बसवला. इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं झालं. फिल्टर मात्र हलेना. हातानं हलेना, कापड गुंडाळून हलेना, पट्ट्याच्या पान्यानंही हलेना. साडेअकराला मास्तरांनी "वंगणाचा अभाव" असं काहीतरी पुटपुटत त्यात स्क्रूड्रायव्हर आरपार घुसवला आणि पिळला. करकर आवाज करत फिल्टर एकदाचा सुटला. पाठोपाठ उरलेलं तेल बाहीतून थेट काखेपर्यंत आलं.

मास्तरांनी नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटानं तेल चोपडलं, फिल्टर हातानं आवळला, वरून नवं तेल ओतलं आणि हुकूम सोडला, "सुरू कर!"

बायकोनं किल्ली फिरवली. समोर तेलाचा लाल दिवा लागला, तो विझेचना.

"दिवा जात नाहीये हो!"

"दाब तयार व्हायला अवधी लागतो. थांब जरा!"

ती कशाला थांबते! तिनं तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि वाकून पाहिलं. निम्मं नवं तेल जमिनीवर होतं आणि निम्मं मास्तरांवर.

तीच जाऊन मेकॅनिकला घेऊन आली. त्यानं फिल्टर सोडवला, इंजिनावर फिल्टर बसतो त्या जागी बोट फिरवलं आणि नखानं एक काळी रिंग सोलून काढली. "जुनी रिंग इथेच चिकटून राहिली होती. रिंगेवर रिंग बसली की तेल थांबत नाही." दहा मिनिटांत त्यानं सगळं नीट बसवून, तेल भरून दिलं. बायको पावणेदोनला निघून गेली.

मास्तर आपली वर्गातली टिपणं चाळत बसले. या रिंगेबद्दल त्यांत एक अक्षर नव्हतं. तरी उभारी धरून त्यांनी मेकॅनिककडून जुना फिल्टर कापून घेतला. कागद आकृतीतल्यासारखाच घड्यांचा होता. पण काळा गाळ घड्यांच्या बाहेरच्या अंगाला लागला होता, आणि आतली बाजू त्या मानानं स्वच्छ. म्हणजे तेल कडेच्या भोकांतून येऊन, बाहेरून आत गाळलं जाऊन, मधल्या नळीतून इंजिनात जात होतं.

बाण उलटे होते! एकतीस वर्षं! ज्या पोरांनी बरोबर काढले, नेमके त्यांचेच गुण मास्तरांनी कापले होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कापलेला फिल्टर पिशवीत घालून ते तंत्रशाळेत गेले. विभागप्रमुखांनी अदबीनं खुर्ची दिली. "सर, तुमची टिपणं मंजूर झालेली आहेत. बदल सुचवायचा तर तो सेवेतल्या शिक्षकाकडून यायला हवा."

"पण बाण उलटे आहेत!"

"असतील. पण मंजूर आहेत."

मास्तर तरी पेपर तपासायला गेले. नाव अजून परीक्षकांच्या यादीत होतं. बरोबर बाणांना त्यांनी पुरे गुण दिले, आणि मुख्य परीक्षकांनी आदर्श उत्तराप्रमाणे ते कापले. मग मास्तरांनी फिल्टर काढून टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या पंधरा जणांना शिकवलं. पंधरा जणांनी माना डोलावल्या आणि पुन्हा तसेच गुण कापायला घेतले. चौथ्या दिवशी सूचना लागली: तपासणी कक्षात तेलकट वस्तू आणू नयेत. पुढच्या यादीत मास्तरांचं नाव नव्हतं.

आता ते आठवड्यातून तीन सकाळी गॅरेजात जातात. मेकॅनिक त्यांना "मास्तर, जुनी रिंग निघून आली का बघा" एवढंच म्हणतो, आणि ते बोट फिरवून "आली" म्हणतात. काम चालू असताना एक शब्द बोलत नाहीत. इस्पितळातल्या नर्सबायका आता आपल्या गाड्या मुद्दाम तिथेच आणतात.

"शर्ट गेले चार," बायको मैत्रिणींना सांगते, "पण घर कसं शांत झालंय!"