अर्धा तास लवकर

निवृत्त माणसाला दोनच कामं असतात, पेपर वाचणं आणि घर सुधारणं. पेपर नाश्त्याआधीच संपतो, तेव्हा मी सुधारणेला लागलो. मोबाइलवर एक बाई सांगत होत्या, मोठं काही करू नका, दिनक्रमात छोटासा बदल करा. मला एकदम पटलं. मोठं काही करायची माझी तयारी आयुष्यात कधीच नव्हती.

ठरवलं, अर्धा तास लवकर उठायचं आणि बायकोला सोबत करायची. बिचारी एकटीच उठते. आम्ही चारकोपला राहायला आलो तेव्हा नळाला पाणी पहाटे यायचं, पिंप भरायला तिला उठावंच लागे. पुढे सोसायटीने गच्चीवर मोठी टाकी बसवली, दिवसभर पाणी झालं, तरी हिचं पहाटे उठणं काही सुटलं नाही. सवय, दुसरं काय, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या दिवशी मला गॅलरीत बघून ती दचकली.

"बरं वाटत नाहीये का?"

"छे गं, तुला कंपनी द्यायला आलो."

तिने चहात पाणी वाढवलं. मी बोलत सुटलो. पेन्शन, पार्किंग, वरच्यांच्या बाथरूमचं लीकेज. शिवाय सुचवलं, टाकी आहे ना आता, मग पिंप कशाला भरतेस? आठवडाभरात चहा पांचट झाला आणि बाईसाहेब घुम्या झाल्या. मग ती आणखी लवकर उठायला लागली. मला वाटलं, माझा उत्साह बघून तिलाही चेव चढला. मीही गजर आणखी लवकरचा लावला. देव अक्कल वाटत होता तेव्हा मी नक्की पेपर वाचत बसलो असणार.

शेवटी तिनेच कप खाली ठेवला. "अहो, झोपा ना तुम्ही. दिवसभर कोणाला ना कोणाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. एवढीच वेळ होती, कोणी हाक मारत नव्हतं. पाण्याचं नुसतं निमित्त."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर भांडता तरी आलं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. पेन्शनबद्दल मी इतकं छान बोलत होतो.

आता जाग येते ती येतेच. मी डोळे मिटून पडून राहतो, तिची खात्री पटावी म्हणून थोडं घोरतोही. परवा गॅलरीतून बारीक आवाज आला. ही गुणगुणत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ही गाते हे मला माहीतच नव्हतं. नीट ऐकू यावं म्हणून मी घोरणं थांबवलं, तर तिकडे गाणंही थांबलं. तिला वाटलं असणार, हे उठले, आता हाक येणार.

मी कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागलो, चांगलं जोरात. थोड्या वेळाने तिने पुन्हा सूर लावला असावा. माझ्या घोरण्यात मला काही धड ऐकू आलं नाही.