आधी खिडक्या उघडा

“अजून जोरात,” यान्सेन म्हणाले.

मी व्हॉल्यूम वाढवला. कपाटाच्या काचा थरथरल्या, तसे ते खूश झाले. यान्सेन हे उत्तर समुद्राकाठच्या एका छोट्या म्युझियमचे प्रमुख आणि माझे क्लायंट. युद्धकाळात इथे जहाजांवर मारा करायच्या तोफा होत्या. त्या केव्हाच भंगारात गेल्या. उरलं होतं काँक्रीट आणि ही बराक. आमची न्युरेम्बर्गची कंपनी म्युझियमसाठी आवाज तयार करायची. इथे बटण दाबलं की तोफ कडाडणार होती. त्यासाठी मी भलाथोरला सबवूफर लावला होता. हा स्पीकर कानापेक्षा छातीतच जास्त जाणवतो. त्या दणक्यात मी जीव ओतला होता.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. यान्सेननी आपल्या आईला आधीच बघायला बोलावलं. त्या जवळच, समुद्राच्या बांधापलीकडच्या घरात राहायच्या. लहानपणही तिथेच गेलेलं.

“फ्राऊ यान्सेन, बटण तुम्हीच दाबा,” मी त्यांना ऐटीत म्हटलं.

“थांब जरा.”

त्या उठल्या आणि एकेक करत सगळ्या खिडक्या उघडू लागल्या. बोचरा वारा आत घुसला, माहितीपत्रकं उडाली.

“आई, हीटिंग चालू आहे!”

“तोफांच्या सरावाआधी शिपाई ओरडत जायचा, खिडक्या उघडा, नाहीतर काचा फुटतील. आमच्या घरी ते काम माझं होतं. एकदा मी खेळात विसरले. तुझ्या मामाचा पाळणा खिडकीखाली होता.”

यान्सेन म्हणाले, “पण मामा तर म्हणायचा, लहानपणी पडलो म्हणून डोळा गेला.”

“माझ्यासाठी म्हणायचा. जन्मभर.”

कोणीच बटण दाबलं नाही.

“बरं,” यान्सेन मला म्हणाले. “हा आवाज काढून टाकता येईल?”

“येईल.” खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. इतका चांगला दणका मी पुन्हा केला नाही. पण बांधापलीकडच्या घरात तो रोज ऐकू गेला असता, हे आता मलाही कळत होतं.

“मग बटणाचं काय करायचं?” मी विचारलं.

“मी सांगते,” फ्राऊ यान्सेन म्हणाल्या. “माइक लाव.”

दुसऱ्या दिवशी लोक बटण दाबत होते. एका म्हातारीचा आवाज यायचा, “खिडक्या उघडा!” पुढे काहीच नाही. लोक दणक्याची वाट बघत उभे राहायचे. काही जण खरंच खिडकीकडे जायचे.

सबवूफर मी परत नेला. आता म्युझियमचं काम आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेजारी कोण राहतं?