एका पानाचा बंदोबस्त

दीनानाथ सबनीसांना गुडगावच्या इंटरनेट कंपनीत 'नोडल अधिकारी' नेमलं, तेव्हा त्यांनी पुण्याला फोन करून बढती मिळाल्याचं सांगितलं. पगार तेवढाच, खुर्चीही तीच. वेबसाइट बंद करण्याचे गोपनीय सरकारी आदेश मात्र आता त्यांच्या नावानं येणार होते, आणि चूक झाली तर तुरुंगातही तेच जाणार होते. हे काही त्यांनी पुण्याला कळवलं नाही.

२००६च्या मे महिन्यात फॅक्स आला. एका ब्लॉगवरचं एक पान बेकायदेशीर ठरलं होतं. चोवीस तासांत बंद करा. पण कंपनीच्या यंत्राला एकच पान अडवता येईना. अडवायची तर असे सगळे ब्लॉग जिथं चालत ती अख्खी वेबसाइटच.

"सर, हजारो लोकांचे ब्लॉग जातील," सबनीस आपल्या साहेबांना म्हणाले.

"जाने दो यार. लोगों का फॅक्स थोडेही आता है!"

सबनीसांनी सगळंच बंद केलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्राहक, सरोजिनी नगरच्या कुमुद रेगे ऑफिसात येऊन थडकल्या. दिल्लीत कोकम, गोडा मसाला कुठं मिळतो, ते त्या ब्लॉगवर लिहीत.

"अहो, माझ्या कोकमानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तांत्रिक अडचण आहे, ताई." आदेशाबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. सबनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्याच महिन्यात बाईंचा ब्लॉग वाचून त्यांनी कोकम आणलं होतं.

त्यांनी सरकारला पत्र लिहिलं: एकच पान अडवता येत नाही, तर वेबसाइट उघडू का? उत्तर आलं: आदेश गोपनीय असल्यानं या कक्षाकडे प्रत नाही, आपली पाठवा. त्यांनी पाठवली. मग विचारणा आली: गोपनीय कागद टपालानं का पाठवला, खुलासा करा.

शेवटी सबनीसांनी फक्त आपल्या कॉम्प्युटरपुरती बंदी उठवून ते पान उघडून पाहिलं. पान नव्हतंच! ब्लॉगवाल्यांनी ते एप्रिलमध्येच काढून टाकल्याची सूचना तेवढी होती.

सबनीस डोक्याला हात लावून बसले. मग कुणाला न विचारता वेबसाइट सगळ्यांना खुली केली आणि सरकारला कळवलं, 'सदर पान आता कुणालाही दिसत नाही.'

तत्पर कारवाईबद्दल सरकारचं कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी ते फ्रेम करून लावलं.

ब्लॉग पुन्हा उघडताच कुमुदताईंनी पहिला लेख लिहिला तो गुडगावच्या कुठल्या कंपनीचं इंटरनेट चुकूनही घेऊ नये, यावर. सबनीसांनी तो शेवटपर्यंत वाचला. एकही मुद्दा खोडता येईना.