पान दोनशे सहा, तोंड वायव्येला

आमच्या हिच्या मामांइतका दुसऱ्याला गोंधळात टाकणारा माणूस रत्नागिरीत तरी सापडायचा नाही, आणि हे मी पंचवीस वर्षं जावई म्हणून त्यांच्या तावडीत काढल्यावर सांगतोय. मूळचे केळशीचे. उभी हयात मालवाहू जहाजांवर सुकाणी म्हणून गेली, आता मांडवीला राहतात. पण आपण जमिनीवर आलोय हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. त्यांच्या घरात उजवं-डावं नाही, पूर्व-पश्चिम आहे. जेवताना "मीठ जरा दक्षिणेला सरकवा" म्हणतात, आणि मी घाबरून पाण्याचा तांब्या सरकवतो. चहा कपात अर्धाच. पूर्ण भरला तर हिंदकळतो म्हणे. अहो, तुमचं टेबल हलत नाही! पण सांगणार कोण?

या माणसानं जन्मात भरती-ओहोटीच्या कोष्टकापलीकडे काही वाचलं नव्हतं. गेल्या वर्षी वाचनालयानं रद्दीत काढलेल्या ढिगातून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी उचलली, कारण मुखपृष्ठावर शिडाचं जहाज होतं. आत निघाले समुद्रात बुडालेले राजे, पंखांचे नाग आणि दर अमावास्येला जागा बदलणारं एक शापित बेट. लेखिकेचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, ग्रंथपालबाईंनीही नाही. मला वाटलं, मामा दोन पानांत पुस्तक फेकून देतील. कसलं काय! नागाला पंख आहेत याबद्दल त्यांची काडीची तक्रार नव्हती. मात्र एका ठिकाणी जहाज दोन दिवस आधी बंदराला लागलं, म्हणून पुस्तकातल्या नकाशावर पट्टी आणि कंपास घेऊन ते तीन दिवस बसले. शेवटी चूक त्यांचीच निघाली. पाण्याचा प्रवाह हिशेबात धरायचा राहिला होता. तेव्हापासून त्या अनोळखी बाईंवर त्यांचा जीव जडला. "या बाईनं सुकाणू हातात धरलेलं आहे, जावईबापू," असं म्हणताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की जणू त्यांच्याच बोटीवरचं माणूस भेटलंय.

मग माझे हाल सुरू झाले. भाजी घेताना, पोस्टात, कुठेही गाठून मामा सांगायचे, "पान दोनशे सहा. तोंड वायव्येला. धुक्यात शिरलोय, राणीवर भरवसा ठेवायचा नाही." कुठली राणी, कोण शिरलंय, काही पत्ता नाही. एवढं बोलून माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरायचे आणि गप्प उभे. मी "पान दोनशे सहा, वायव्य, धुकं, राणी खोटी" असं मोठ्यानं म्हणेपर्यंत सुटका नाही. लोक वळून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा त्यांनी मला मोबाइलवर बाईंची चौकशी करायला लावली. आणखी सहा पुस्तकं आहेत, म्हटलं. खूश होतील असं वाटलं, तर चेहराच पडला. "सहा?" एवढंच म्हणाले, आणि चहा तसाच टाकून उठले.

हिला भलतीच शंका आली. मामांचं डोकं फिरत चाललंय म्हणून रडकुंडीला आली बिचारी. गोड बोलून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी साधं कार्ड वाचायला दिलं, तर मामा कार्डाकडे नुसते बघत राहिले. डोकं खणखणीत होतं. गेले होते ते डोळे. दोन्हीकडे काचबिंदू. उरलंय तेवढं थेंबांनी टिकेल, पण छापील अक्षर आता जमायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामांना ते कधीचं कळलं होतं.

परतताना रिक्षात मी चिडलोच. आम्हाला सांगायला काय झालं होतं, असं विचारलं.

"रोज सांगतच तर होतो," मामा म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. जहाजावर सुकाणू सोडणारा येणाऱ्याला दिशा सांगतो. येणाऱ्यानं ती मोठ्यानं परत म्हणायची, तोवर पहिल्यानं हात काढायचा नाही. म्हणजे भर बाजारात हा माणूस मला चार्ज देत होता, आणि मी बावळट कोथिंबिरीची जुडी हातात धरून तो घेत होतो! फार वाईट वाटलं.

आता रोज संध्याकाळी मांडवीला जाऊन मी मोठ्यानं वाचतो. कोण कुणाचा कोण, हे मला अजून कळलेलं नाही. राणी मेली असं मी दोनदा जाहीर केलं, दोन्ही वेळा ती जिवंत निघाली. मामा डोळे मिटून ऐकतात आणि माझी वाट चुकली की "सरळ धरा" म्हणतात. काल शेवटची चार पानं उरली होती. ती संपवायचा मला धीर होईना, खूण घालून मी उठलो. मामा भिंत चाचपत दारापर्यंत आले आणि सवयीनं माझ्या पिशवीचा बंद धरून उभे राहिले. या वेळी सांगायची पाळी माझी होती.

"पान सहाशे नव्वद," मी म्हटलं. "तोंड पूर्वेला. घरचं बंदर दिसतंय."

मामा हळूच म्हणाले, "पान सहाशे नव्वद. तोंड पूर्वेला. घरचं बंदर दिसतंय."

पिशवी मात्र आम्ही दोघांनीही बराच वेळ सोडली नाही.