लेणेकऱ्यांची खोट

भीमराज हिवराळेला ऑफिसात सगळे नुसतं भीमराज म्हणत, आणि तो सगळ्यांना सर नाहीतर मॅडम. त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या मलाही. अंधेरी पूर्वेला परदेशी गिऱ्हाइकांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी आमची कंपनी, साल १९८६. काचेच्या थंडगार खोलीत एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले बारा टर्मिनल आम्हा प्रोग्रॅमरांच्या टेबलांवर. भीमराज त्या खोलीतला ऑपरेटर. टेप चढवायच्या, प्रिंटआउट फाडून वाटायचे, एसी गळायला लागला की खाली बादली लावायची. मे महिन्यातही तो स्वेटर घालून बसायचा. बी.एस्सी. होता, आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा जास्त मार्कांनी. पण ऑपरेटर म्हणून लागला तो ऑपरेटरच राहिला, आणि ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही नंदकिशोरने लिहिलेला एक खेळ खेळायचो, सातगड. चित्रं नव्हती, नुसती हिरवी अक्षरं. भाषा मराठी, लिपी इंग्रजी. प्रत्येकाने आपापल्या टर्मिनलवरून एक सोंग घ्यायचं, मग सगळे एकाच नगरात भेटायचे, भांडायचे, एकमेकांचे गड लुटायचे. घाटकोपरच्या शाखेतले दोघे टेलिफोनच्या लाइनीवरून येऊन मिळायचे. सोंगासाठी चार जमाती होत्या: मानव, यक्ष, नाग आणि राक्षस. नंदकिशोरचा नियम असा, की प्रत्येक जमातीला एक ताकद हवी आणि एक खोट हवी. राक्षसाला उजेडात दिसायचं नाही. यक्षाला खोटं बोलता यायचं नाही.

एके दिवशी भीमराजने जुन्या प्रिंटआउटच्या कोऱ्या पाठीवर सोळा पानं लिहून आणली. पाचवी जमात, लेणेकरी. तो जोगेश्वरीला लेण्यांच्या जवळच्या चाळीत राहायचा.

"मॅडम, एवढा डोंगर कोरला त्यांनी, आणि ती माणसं कोण होती ते कुणाला ठाऊक नाही. म्हटलं, आपण खेळात आणू."

लेणेकऱ्याला कुठल्याही कातळातून वाट काढता येणार. खोट ही, की ज्याला त्याने एकदा वाट करून दिली, त्याच्यावर त्याला पुन्हा हत्यार उचलता येणार नाही. आमच्यातल्या कुणालाही इतकं चांगलं सुचलं नव्हतं, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो लाजला. त्याचं मागणं एकच होतं. खेळ सुरू होताना करणाऱ्यांची नावं यायची, तिथे त्याचंही यावं. प्रिंट काढून घरी बायकोला, लताला, दाखवायचा होता.

नंदकिशोरने डबा खाता खाता पानं चाळली. "झकास रे भीमराज, घेऊ," म्हणाला. भीमराज खोलीत परत गेल्यावर नंदकिशोर माझ्याकडे वळला. "शुभा, तू टाइप कर. फक्त खोट बदल. हे लोक भिंतीतून घुसायला लागले तर आपल्या गडांची वाट लागली. खोट जड पाहिजे." आणि त्याने सांगायला सुरुवात केली: लेणेकऱ्याला वेशीच्या आत प्रवेश नाही. तो ज्याला शिवेल त्याची ताकद जाईल, तळ्यावर आंघोळ करेपर्यंत.

तेव्हा मला कळलं नाही असं म्हटलं तर ते धडधडीत खोटं. माझे हात थांबले होते. "अरे, हे जरा..."

"गेम आहे गं. राक्षसांनी कधी तक्रार केली का?"

सगळे हसले. मीही हसले आणि टाइप केलं. तो माझा टीम लीडर होता. हे मी कारण म्हणून सांगते आहे, आणि ते पुरेसं नाही हेही मला ठाऊक आहे.

सोमवारी भीमराज सुट्टीत एका रिकाम्या टर्मिनलवर बसला आणि त्याने लेणेकरी निवडला. पडद्यावर आलं, वेशीबाहेर थांब. त्याला वाटलं प्रोग्रॅम चुकलाय. त्याने पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तेवढ्यात घाटकोपरचा एक यक्ष त्याच्यावर येऊन आदळला आणि हॉलभर सगळ्यांच्या पडद्यांवर ओळ उमटली: यक्षाला लेणेकरी शिवला, यक्षाने तळ्यावर जावं. केवढा हशा झाला. दोनच दिवसांत लेणेकऱ्यांना लांबून दगड मारायचा नवा खेळ निघाला. ते सोंग कुणी घेत नसे, कॉम्प्युटरच त्यांना वेशीबाहेर हिंडवायचा.

तिसऱ्या दिवशी भीमराज हातात कागदाचा तुकडा घेऊन माझ्या टेबलापाशी आला. कोणती फाइल कोणी कधी बदलली हे त्याच्या खोलीतल्या यंत्रावर आपोआप छापलं जायचं, हे मी विसरले होते. कागदावर माझं नाव होतं.

"पानंच्या पानं टाइप केलीत मॅडम, एक चूक नाही," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "ती जमात काढून टाका."

मी नंदकिशोरला विचारलं. "आता कशी काढणार? लोकांना मजा येतेय," तो म्हणाला. "आणि त्याचं नाव टाकलंय ना वर?" टाकलं होतं. खेळ उघडला की पहिल्याच पडद्यावर: लेणेकरी जमात, रचना भीमराज हिवराळे.

मी ते भीमराजला जाऊन सांगितलं. काचेच्या खोलीत तो टेप गुंडाळत उभा होता.

"मग निदान नाव तरी काढा," तो म्हणाला. "लता रोज प्रिंट मागते. आपल्याला वेशीबाहेर मीच ठेवलं, असं सांगू तिला?"

नाव काढायला नंदकिशोरची हरकत नव्हती. "श्रेय दिलं तरी नको. ह्यांना नेमकं हवंय तरी काय?" एवढंच म्हणाला आणि डबा उघडायला गेला.

ती ओळ पुसायला मला अर्धं मिनिट लागलं. खाली त्याच फाइलीत तो नियम होता, मीच टाइप केलेला. तो पुसायलाही अर्धंच मिनिट लागलं असतं. मी फाइल बंद केली आणि जेवायला गेले.